वावरात जायचं असते, मग सकाळी पोटात काय टाकू?

"ताई, माझं वय ३१. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते. अडीच वर्षं झाली पोटाचा त्रास आहे. सकाळी चहा घेतला का मुरडा येते अन् तीन-तीनदा जावं लागते, मग कधी दोन दोन दिवस होतच नाही. सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. यवतमाळले दाखवलं तं डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे, घाबरू नका, खाण्यापिण्यावर लक्ष द्या. पण काय खायचं ते कोणी सांगितलं नाही. आता कापसाची वेचाई सुरू आहे, वावरात संडास कुठून येईल, म्हणून मी सकाळचं खाणंच सोडलं. बारा वाजता डब्बा उघडते, चून-पोळी अन् कांदा, अन् अर्ध्या घंट्यात पुन्हा तेच, तुरीच्या आड पळा. संगच्या बाया हसतात. सासू म्हणते सगळे खातात तेच खा, नखरे नको करू. सकाळी काय खाऊ तेवढं सांगा."

माय, "तुरीच्या आड पळा" इथं मी वाचता वाचता थांबली. मी आहारतज्ज्ञ आहे पण आयबीएसचा, म्हणजे चिडखोर आतड्याचा, हा त्रास मला स्वतःलाही बारा वर्षांपासून आहे. सुरुवातीच्या दिवसात एकदा बसस्टँडवर उभ्या उभ्या तर्री-पोहे खाल्ले, वरून चहा घेतला, आणि गाडी गावाबाहेर पडून वीस मिनिटं नाही झाली तर कंडक्टरला सांगून उतरावं लागलं, आडरानात, एकटी, दोन्ही बाजूनं नुसतं वावर. त्यानंतर कितीतरी महिने मी तुझ्यासारखंच केलं, बाहेर जायचं असलं की उपाशी. म्हणून आधी हेच सांगते, उपाशी राहणं आपल्याला उपाय वाटते पण तेच तुझा त्रास वाढवून राहिलं आहे.

कसं ते पाह. पोटात अन्न पडलं की खालचं मोठं आतडं आपोआप हलायला लागते, जागा करायला. हे सगळ्यांचंच होते, तान्हं लेकरू दूध प्यालं की लगेच दुपटं भरवते ना, ते त्यामुळंच. डॉक्टर लोक त्याला गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात. सकाळच्या वेळी त्याचा जोर जास्त असते, आणि जेवण जेवढं मोठं अन् तेलकट तेवढा धक्का मोठा. आयबीएसवाल्यांचं आतडं नाजूक झालेलं असते, म्हणजे जेवढा गॅस किंवा जेवढी हालचाल दुसऱ्याला कळतही नाही तेवढ्यानं आपल्याला मुरडा येते. आतड्याला जखम नसते, गाठ नसते, म्हणून सोनोग्राफीत काही दिसत नाही, पण दुखणं खरंच असते वो, मनाचे खेळ नसतात. आता तू रात्री आठला जेवते आणि मधात फक्त चहा घेऊन दुसऱ्या दिवशी बाराला एकदम दोन-तीन पोळ्या, चून आणि कच्चा कांदा खाते, म्हणजे सोळा घंट्याच्या रिकाम्या पोटावर सगळ्यात मोठा धक्का, अन् तोही नेमका वावरात, जिथं जायची सोय नाही तिथं.

उलटं कर. आतड्याचा हा स्वभाव तर बदलणार नाही, पण तो घरी असताना वापरून घेता येते. तू आठला निघत असशील तर साडेसहाला थोडंसं खा, पोटभर नाही, वाटीभर, आणि बसून खा, चुलीपाशी उभ्यानं दोन घास नको. म्हणजे पोटाला जे करायचं ते सात-सव्वासातपर्यंत घरच्या संडासात होऊन जाईल. पहिले चार-पाच दिवस भीती वाटेल, मलाही वाटायची. वेचाईला एखाद्या दिवशी सुट्टी असली तर त्या दिवसापासून सुरू कर.

आता काय खायचं. तुझ्या घरात जे नाही ते मी सांगणारच नाही. ओट्स, कॉर्नफ्लेक्स, ब्राऊन ब्रेड काही नको.

माझी पहिली पसंती ज्वारीच्या कण्या. ज्वारी जाडीभरडी दळून आणायची, पीठ चाळून बाजूला काढायचं आणि राहिलेल्या कण्या रात्री पाण्यात भिजत टाकायच्या. सकाळी वाटीभर कण्यांना पाच वाट्या पाणी, मीठ, चिमूटभर जिरं, आणि मंद आचेवर शिजू द्यायच्या. मधात मधात हलवत राहा नाहीतर बुडाला लागतात. झाल्या की नाही हे बोटानं पाहायचं, कणी दाबली तर मधात पांढरा टिपका लागला नाही पाहिजे, पूर्ण मऊ झाली पाहिजे, कारण अर्धवट शिजलेली कणी आपल्यासारख्याच्या पोटात दगडासारखी बसते. वरून पातळ ताक, घट्ट दही नाही, ताक. माझ्या आजीकडं याला कोणी नाश्ता म्हणत नव्हतं, आजारी माणसाचं खाणं म्हणायचे, आणि मला वाटते त्या बायांना पोटातलं आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. रोज भिजवायचं जमत नसेल तर आंबील कर, ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेव, सकाळी पाणी टाकून शिजव, फक्त त्याच्यात आपण लसूण ठेचून टाकतो तो टाकू नको.

काऊन नको ते समजून घे, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. आपल्याकडं पोटाचं काही झालं की तिखटावर बोट ठेवतात. तिखटानं त्रास होते, नाही म्हणत नाही, पण तुझा डब्बा पाहिला तर मला संशय दुसऱ्याच गोष्टींवर आहे. कांदा, लसूण आणि गहू यांच्यात एक प्रकारची साखर असते, फ्रुक्टान, आणि हरभरा, बेसन, तूर, सोयाबीन, वाल यांच्यात तिच्या नात्यातली दुसरी. या साखरा पचवणारं एन्झाइम माणसाच्या पोटात नसतेच, कोणाच्याच नाही, तुझ्या सासूच्याही नाही. त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू त्या आंबवतात, गॅस होते, वरून आतड्यात पाणी ओढलं जाते. सासूला तेवढा गॅस सहन होते, तुझ्या नाजूक आतड्याला होत नाही, एवढाच फरक. अशा साखरांना मिळून फॉडमॅप म्हणतात, ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी २००५ साली हे नाव दिलं आणि नंतर कशात किती आहे ते मोजत गेले. आता तुझा डब्बा पुन्हा पाह, पोळी म्हणजे गहू, चून म्हणजे हरभऱ्याचं बेसन, कच्चा कांदा, अन् चुनाच्या फोडणीतही कांदा-लसूण असणारच. चारही गोष्टी एकाच जेवणात आल्या. तू नखरे करून राहिली नाहीस.

अजून एक विचारते, तुमच्याकडं गव्हात सोयाबीन टाकून दळून आणतात का? आपल्या भागात पुष्कळ घरी करतात, ताकद येते म्हणून. करत असाल तर ते काही दिवस बंद ठेव.

आता तांदूळ, ज्वारी, नाचणी, बटाटा, वांगं, फल्लीदाणे, टमाटर यांच्यात या साखरा कमी असतात. म्हणून पोहे तुला चालतात, तर्री चालत नाही. तर्रीत हरभरा, कांदा, लसूण, तेल, तिखट सगळं एकाच वाटीत आहे, आणि त्यातला कांदा वेचून काढला तरी उपयोग नाही कारण फ्रुक्टान पाण्यात उतरते, रश्श्यात आलेलंच असते. पण तेलात ते उतरत नाही! हे मला कळलं त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता. म्हणजे लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून तेलात लालसर होऊ द्यायच्या, मग त्या काढून घ्यायच्या आणि त्या तेलात पुढची फोडणी करायची, लसणाचा वास राहते, त्रास होत नाही. फक्त पाकळ्या काढायच्या आधी पाण्याचा थेंब किंवा ओलं काही त्याच्यात पडलं नाही पाहिजे, आणि असं तेल करून ठेवायचं नाही, लागेल तेव्हाच करायचं.

घरी सगळ्यांसाठी पोहे होतील तेव्हा वेगळी कढई मांडू नको, वेगळी कढई मांडली की घरात बोलणं सुरू होते. मोहरी, जिरं, कढीपत्ता, हळद, फल्लीदाणे, पोहे, मीठ, एवढ्यावर तुझी वाटी काढून घे, वरून सांभार म्हणजे कोथिंबीर आणि लिंबू. मग दुसऱ्या चुलीवर कांदा-मिरची परतून बाकीच्यांच्या पोह्यात मिसळून दे. पाच मिनिटांचं काम आहे. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग तुला चालते, त्यात फ्रुक्टान कमी असते, सगळं ते खालच्या पांढऱ्या भागात. वेचाईच्या दिवसात पात मिळतेच, ती बारीक चिरून टाक म्हणजे कांदा नाही म्हणून जीवही तरसत नाही.

तिसरं, भाकर. सकाळी गरम भाकरीचा अर्धा चतकोर आणि जवसाची चटणी, पण चटणी लसणाशिवाय कर, जवस भाजून जिरं, मीठ, नावाला तिखट. जवस आपल्या विदर्भाचं आहे आणि आयबीएससाठी चांगलं आहे, हे माझं एकटीचं मत नाही, ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००८ मध्ये आयबीएससाठी डॉक्टरांना ज्या सूचना दिल्या त्याच्यात गॅस अन् पोट फुगणं यासाठी जवस, दिवसाला जास्तीत जास्त एक मोठा चमचा, असं लिहिलेलं आहे. तुला मधात मधात दोन दिवस होत नाही तेव्हा याचा उपयोग होईल. अर्ध्या छोट्या चमच्यापासून सुरू कर, आठवड्यानं वाढव, आणि वर पाणी पी. आणि कोणी म्हणालं की पोट साफ व्हायला गव्हाचा कोंडा खा, तर ऐकू नको, त्याच सूचनांमध्ये कोंडा टाळा असं सांगितलं आहे, आयबीएसवाल्यांचा गॅस त्यानं उलट वाढते.

धिरडं करायचं तर बेसनाचं नको, तांदळाच्या पिठाचं कर, त्यात थोडी मुगाची डाळ भिजवून वाटून टाक, भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, त्या पाण्यात बऱ्यापैकी साखर निघून जाते. मूग सगळ्या डाळीत सौम्य, तरी तोही आधी थोडा.

शिळी भाकर आणि दूध हे आपल्याकडं सगळ्यात सोपं, पण एका वेळी मोठा गिलासभर दूध तुला जमते की नाही हे वेगळं तपासावं लागेल. ते पहिल्या तीन आठवड्यात नको.

चहाचं बोलू. तू लिहिलं की चहा घेतला का मुरडा येते, आणि मला माहीत आहे की चहा सोड म्हटलं तर तू हे पान इथंच बंद करशील. सोडू नको. दोष दुधाचा असेल असं मला वाटत नाही, कपभर चहात दूध असते किती, ज्यांना दूध पचत नाही त्यातलेही पुष्कळ लोक एवढं सहज पचवतात. रिकाम्या पोटी गरम चहा आणि त्यातलं कॅफिन, दोन्ही मिळून आतडं हलवतात. म्हणून उठल्यावर कोमट पाणी, मग खाणं, आणि मग चहा, अर्धा कप, पत्ती कमी, जास्त उकळलेला नको. दिवसाचे तीन कप पुरे, वावरात कोणी थर्मास आणते त्यातला धरून. चहासोबत टोस किंवा बिस्कीट घेत असशील तर ते मैद्याचं आहे, त्यावर नाश्ता भागवू नको.

डब्ब्याचं काय? तू विचारलं सकाळचं, पण सकाळी चांगलं खाऊन बाराला परत चून-पोळी-कांदा खाल्लं तर तुरी काही दूर नाही. डब्ब्यात भाकर किंवा भात, वांगं-बटाट्याची कोरडी भाजी किंवा दोडकं, वरच्या लसणाच्या तेलातली. आणि एकदम सगळं खाऊ नको, अर्धं दहा-साडेदहाला आणि अर्धं एकला. बाया दहाला पाणी प्यायला धुऱ्यावर बसतातच. एखादं संत्रं चालते, पण खाल्ल्यावर, उपाशीपोटी नाही. सीताफळ आणि टरबूज मात्र सध्या दूर ठेव, दोन्हीत या साखरा भरपूर आहेत. आंब्याचं उन्हाळ्यात पाहू.

पण एक जपून ऐक. हे सगळं जन्मभर सोडायचं नाही आहे. मी अशा बाया पाहिल्या की एक एक करून सगळं सोडत गेल्या आणि शेवटी भात-मीठ खाऊन चाळीस किलोवर आल्या, त्रास तरी गेला नाही. तीन आठवडे, जास्तीत जास्त सहा. फरक पडला तर मग एकेक वस्तू परत आणायची, आधी गव्हाची अर्धी पोळी, तीन दिवस पाहायचं, ठीक असेल तर एक पोळी, मग चार दिवस थांबून थोडं चून, मग शिजलेला कांदा. पुष्कळ जणींना एक-दोन गोष्टीच नडतात, बाकी सगळं खाता येते. मला गहू चालते, कच्चा कांदा आणि हरभरा नाही चालत, बस.

लेकराच्या जुन्या वहीची मागची पानं घे. तारीख, काय खाल्लं, किती वाजता, किती वेळा गेली, मुरडा कमी का जास्त, आणि पाळीची तारीखही लिही, पाळीच्या दोन-चार दिवस आधीपासून पुष्कळ बायांना हा त्रास वाढते आणि दोष बिचाऱ्या वांग्यावर जाते. घरात भांडण झालं असेल, रात्री झोप झाली नसेल तर तेही लिही. चार शब्द पुरे.

तपासण्यांबद्दल दोन गोष्टी, या मात्र टाळू नको. एक, यवतमाळला पुन्हा जाशील तेव्हा सिलियाक आजाराची रक्ततपासणी झाली आहे का विचार, टीटीजी म्हणतात तिला, तो गव्हाचा वेगळा आजार आहे आणि तो आयबीएससारखाच दिसते. ही तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नको, बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकते. म्हणजे तोपर्यंत दिवसातून एकदा तरी पोळी चालू ठेव, रात्रीच्या जेवणात ठेव, घरी असते तेव्हा. दोन, विहिरीचं पाणी पीत असाल तर संडासची तपासणीही एकदा करून घे, जिआर्डिया नावाचा जंतू पोटात बसला तरी असंच होते आणि त्याचं औषध वेगळं असते. आणि मुरडा आला की मेडिकलमधून आवेच्या गोळ्या आणून खायची सवय असेल, आपल्याकडं घरोघरी आहे, तर ती बंद कर, तपासल्याशिवाय त्या गोळ्या नको.

संडासमधून रक्त जाणं, काही न करता वजन उतरणं, ताप, तपासणीत अंगातलं रक्त कमी निघणं, किंवा रात्री झोपेतून उठून जुलाबासाठी पळावं लागणं, यातलं एकही असेल तर माझं काही वाचत बसू नको, मेडिसिनच्या ओपीडीत सरळ जा. तुझ्या पत्रात यातलं काही नाही, तरी नीट आठवून पाह.

आता ओटी, वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधतो ते फडकं. हे कोणत्या पुस्तकात नाही, मी वेचाईच्या बायांसोबत बसून शिकली. तुम्ही ओटी कमरेला आवळून बांधता, वाकून वाकून वेचता, आणि जशी भरते तशी ती पोटावर ओढ देते. गॅस धरलेल्या पोटावर ती गाठ म्हणजे छळ. ओटी थोडी खाली, कुल्ह्याच्या हाडावर बांध, किंवा एक टोक खांद्यावरून घे, आणि अर्धी भरली की ढिगावर रिकामी कर, दोन चकरा जास्त होतील पण पोट मोकळं राहील. तुमच्याकडच्या एका बाईनंच मला हे दाखवलं होतं, तिला आयबीएस वगैरे काही माहीत नव्हतं, तिला फक्त दुपारून पोट दुखायचं.

सासूबाईंसाठी वेगळं सांगते. त्यांना फॉडमॅप सांगत बसू नको. त्यांना म्हण, आई, मले कण्या कशा शिजवायच्या ते दाखवा, तुमच्या माहेरी कशा करत होते? त्यांनी लहानपणी खाल्लेल्या असतील. बायका हसतात त्यांचं म्हणशील तर त्यातल्या एकीला, जी कमी हसते तिला, बाजूला घेऊन सांग की मला हा आजार आहे, डॉक्टरनं नाव दिलं आहे. कोणीतरी एक सोबत यायला तयार असली, पाण्याची बाटली धरून उभी राहिली, तर अर्धी भीती तिथंच जाते, आणि भीती कमी झाली की मुरडाही कमी होते, कारण आतडं आणि मेंदू एकमेकांशी जोडलेले आहेत, आता जायला लागलं तर कसं या विचारानंच पोट हलायला लागते हे तुला सांगायची गरज नाही.

आज रात्री कण्या भिजत टाक. घरी नसतील तर उद्या पोह्यापासून सुरू कर. तीन आठवड्यांनी वहीची पानं मला पाठव, अक्षर कसंही असू दे, मी वाचीन आणि कोणती वस्तू आधी परत आणायची ते आपण दोघी ठरवू.